मोजणीचा पैसा नेमका कशासाठी मिळतो?

प्रश्न थोडक्यात असा: हवेच्या गुणवत्तेवर बरीच वर्षे काम केलेली एक ना-नफा संस्था आहे. अल्पजीवी हवामान प्रदूषकांची (हवेत थोडाच काळ टिकणाऱ्या पण तापमान वाढवणाऱ्या मिथेन, काळा कार्बन, एचएफसी, ओझोन यांची) देशपातळीवरची देखरेख सुधारण्यासाठी संस्थांकडून प्रस्ताव मागवले जातात, असे त्यांच्या कानावर आले आहे. हा पैसा कोण देतो, आपल्यासारख्यांना मिळतो का आणि प्रस्तावात काय मागायचे, हे त्यांना हवे आहे. सोबत शहरोशहरी सेन्सर बसवण्याचा एक कच्चा आराखडाही त्यांनी दिला आहे.

आधी त्या आराखड्याबद्दल बोलतो, कारण बहुतेक प्रस्तावांचे घोडे तिथेच अडते. देणाऱ्या संस्था ‘राष्ट्रीय देखरेख’ म्हणतात तेव्हा त्यांना खांबावरचे यंत्र अभिप्रेत नसते. त्यांना हवी असते उत्सर्जनाची राष्ट्रीय सूची: कोणत्या क्षेत्रातून कोणत्या वर्षी किती टन मिथेन, किती टन काळा कार्बन (म्हणजे काजळी), किती एचएफसी (एसी-फ्रिजमधले थंडावा देणारे वायू) बाहेर पडले, हिशेब कुणी केला, कुणाला कळवला, कुणी तपासला. मापन, अहवाल आणि पडताळणी, म्हणजे या कामातले सगळे ज्याला ‘एमआरव्ही’ म्हणतात ते. स्वस्त सेन्सर पीएम २.५, म्हणजे हवेतले अतिसूक्ष्म कण, दाखवतो, पण त्यात काळा कार्बन किती हे त्याला सांगता येत नाही. त्यासाठी एथेलोमीटर लागतो, आणि तो फिल्टरवरचा थर किती प्रकाश शोषतो त्यावरून अंदाज बांधतो. फिल्टर तापवून मोजायची पद्धत वेगळी आहे, तिच्यातून ‘एलिमेंटल कार्बन’ मिळतो, आणि दोन्हींचे आकडे जुळतीलच असे नाही. शिवाय हवेत किती आहे हे कळले म्हणजे ते कुठल्या चुलीतून, भट्टीतून की इंजिनातून आले हे कळले, असे होत नाही. सूची खरी की खोटी हे ताडून पाहायला हवेतली मोजमापे फार कामाची असतात. सूचीची जागा मात्र ती घेऊ शकत नाहीत.

माझे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर, हा पैसा अशा आकड्यासाठी मिळतो जो दोन वर्षांनी तुम्ही तिथे नसताना मंत्रालयातली माणसे स्वतः पुन्हा काढू शकतील. प्रस्ताव वाचणारा माणूस नकळत हाच प्रश्न मनाशी धरून पाने उलटत असतो.

हे इतके अवघड का, ते प्रदूषकांच्या स्वभावात आणि सरकारी रचनेत आहे. काळा कार्बन हवेत काही दिवस ते दोन-एक आठवडे टिकतो, मिथेन साधारण १२ वर्षे, एचएफसी सरासरी १५ वर्षांच्या आसपास. जमिनीलगतचा ओझोन तर कुणी सोडतच नाही, तो मिथेन, नायट्रोजन ऑक्साइड वगैरेंपासून हवेतच तयार होतो. चौघांना एकत्र बांधणारी गोष्ट एवढीच की ते कमी केले तर परिणाम दशकभरात दिसतो. पण सरकारात यांची घरे वेगवेगळी. मिथेन हवामान विभागाकडे, कारण पॅरिस करारानुसार द्यायच्या अहवालात तो बसतो. काळा कार्बन कुणाकडेच धड नाही. त्या अहवालातल्या सात वायूंत तो नाही, त्यामुळे असलाच तर प्रदूषण विभागाच्या कणांच्या हिशेबात एका कोपऱ्यात असतो. एचएफसी सांभाळतो ओझोन कक्ष, कारण २०१६ च्या किगाली दुरुस्तीने ते ओझोन थर वाचवण्यासाठीच्या माँट्रियल कराराखाली आले.

एचएफसीचे उदाहरण बघण्यासारखे आहे. ओझोन कक्ष ‘वापर’ मोजतो: उत्पादन अधिक आयात वजा निर्यात. हवामान विभागाला हवे असते उत्सर्जन, म्हणजे आजवर एसी आणि फ्रिजमध्ये भरलेल्या साठ्यातून या वर्षी गळाले किती. वायू तोच, वर्ष तेच, आकडे दोन, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर. मधला दुवा म्हणजे उपकरणांची संख्या, त्यांचे वय आणि दुरुस्तीच्या वेळी भरला जाणारा वायू. ही माहिती बहुधा दोघांकडेही नसते. सीमाशुल्काच्या सांकेतिक क्रमांकांत २०२२ च्या आवृत्तीपासून एचएफसींना स्वतंत्र क्रमांक मिळाले, त्यामुळे आयातीची नोंद आता पुष्कळ नेमकी करता येते. तरी आर-४१०ए सारखे मिश्रण आले की त्याची एचएफसी-३२ आणि एचएफसी-१२५ अशी निम्मी निम्मी फोड कुणीतरी करावीच लागते. तो ‘कुणीतरी’ कोण, हे कागदावर ठरवणे हेसुद्धा एका प्रकल्पाचे फलित होऊ शकते. दिसायला किरकोळ, पण मला विचाराल तर दहा कार्यशाळांपेक्षा त्याची किंमत जास्त.

मिथेनकडे वळू. तिथे खरा घोळ पद्धतीच्या पातळ्यांत आहे. आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक वैज्ञानिक मंडळाच्या, मार्गदर्शिकेत हिशेबाच्या तीन पातळ्या आहेत, त्यांना सगळे ‘टियर’ म्हणतात. गुरांच्या रवंथातून निघणारा मिथेन टियर १ ने काढला तर जनावरांची संख्या गुणिले एक ठरावीक गुणांक (दर जनावरामागे वर्षाला किती मिथेन), बस. या हिशेबात देशाने चारा सुधारला, दूध वाढवले, आजारी जनावरे कमी केली तरी आकडा हलत नाही. कागदावर मिथेन कमी करायचा एकच मार्ग उरतो, जनावरे कमी करणे. टियर २ मध्ये वजन, दूध, चाऱ्याची पचनीयता या गोष्टी येतात आणि सुधारणा दिसू लागते. भातशेतीतही तेच. सतत पाणी साचलेल्या शेताचा गुणांक १ धरला तर हंगामात एकदा पाणी काढलेल्या शेताला आयपीसीसीच्या २०१९ च्या सुधारणेनुसार ०.७१ आणि अनेकदा काढलेल्याला ०.५५ लागतो. म्हणजे जवळपास निम्मा फरक. पण शेतीच्या सर्वेक्षणात ‘हंगामात पाणी किती वेळा काढले’ हा प्रश्नच नसेल तर हा फरक सूचीत येणार कुठून? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. सांख्यिकी खात्याच्या पुढच्या सर्वेक्षणात तो एक प्रश्न घालून घेणे हे काम ना-नफा संस्थेला जमण्यासारखे आहे, स्वस्त आहे आणि टिकणारे आहे.

कचराभूमीचा हिशेब वेगळ्या तऱ्हेने छळतो. आज पुरलेला कचरा पुढे दशकानुदशके मिथेन सोडत राहतो, त्यामुळे त्याचे सूत्र मागच्या सुमारे ५० वर्षांच्या कचऱ्याची आकडेवारी मागते. ती कुठेच नसते. लोकसंख्या आणि शहरीकरण यांवरून ती मागे मागे बांधत न्यावी लागते, आणि कोणते गृहीतक का धरले ते लिहून ठेवले नाही तर पुढचा माणूस सगळे नव्याने करतो.

तेल आणि वायू क्षेत्रात सध्या उपग्रहांचे आकर्षण आहे. ते रास्तही आहे. २०१७ मध्ये सोडलेल्या सेंटिनेल-५पी उपग्रहावरचे ट्रोपोमी हे उपकरण रोज जवळपास सगळी पृथ्वी पाहते, पण त्याचा एक ठिपका काही किलोमीटरचा. मोठी गळती दिसते, शेकडो छोट्या विखुरलेल्या गळत्या निसटतात. इतर उपग्रह अधिक बारीक पाहतात, पण ठरावीक जागाच. यूएनईपीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या) आंतरराष्ट्रीय मिथेन उत्सर्जन वेधशाळेची ‘मार्स’ ही इशारा यंत्रणा अशा मोठ्या गळत्या सरकारांना आणि कंपन्यांना कळवते. २०२४ च्या अहवालात त्यांनीच सांगितले की १,२०० इशाऱ्यांपैकी सुमारे १ टक्क्याला उत्तर आले. पुढच्या वर्षी हे प्रमाण १२ टक्क्यांवर गेले. माहिती आकाशातून येऊन पडते आणि खाली ती घ्यायला कुणी बसलेले नसते. तेव्हा तेल-वायू असलेल्या देशात ‘आम्ही उपग्रहाची चित्रे वापरू’ असे लिहिण्यापेक्षा इशारा आल्यावर नियामकाकडचा कोणता अधिकारी किती दिवसांत कंपनीला काय विचारेल, याची कार्यपद्धती बसवून देऊ असे लिहा.

काळ्या कार्बनला सर्वात जास्त हात लागायला हवा. त्याचा हिशेब बहुधा असा होतो: जळलेले इंधन, त्याला पीएम २.५ चा उत्सर्जन गुणांक, आणि त्यातला काळ्या कार्बनचा हिस्सा. युरोपची ईएमईपी-ईईए ही हवाप्रदूषकांच्या सूचीची मार्गदर्शिका असे हिस्से देते, आणि ते नसतील तर अनेक देशांच्या सूचीत हा रकानाच कोरा राहील. पण ते गुणांक प्रामुख्याने युरोपातल्या शेगड्या आणि गाड्यांवर बेतलेले. घरगुती चुलीतले लाकूड वजनकाट्यावरून जात नाही, छोट्या वीटभट्ट्यांची नोंद नसते, शेतातला काडीकचरा किती जळाला ते उपग्रहाला अर्धवट दिसते. रॉकेलच्या वातीच्या दिव्याचे पाहा. त्यात जळणाऱ्या रॉकेलपैकी ७ ते ९ टक्के काळा कार्बन होऊन बाहेर पडते, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत आढळले. इतर साधनांपेक्षा हे प्रमाण इतके मोठे आहे की रॉकेलचा सगळा खप एकाच गुणांकाने गुणला तर दिवे हिशेबातून जवळपास गायबच होतात. स्टोव्हला किती आणि दिव्याला किती, एवढी विभागणी कौटुंबिक सर्वेक्षणातून काढली तरी सूची एकदम शहाणी होते.

काळा कार्बन एकटा निघत नाही हेही ध्यानात ठेवा. त्याच धुरात सेंद्रिय कार्बन आणि सल्फर डायऑक्साइड असतात, आणि ते बहुतांशी थंडावा देतात. म्हणून सूची सगळ्या सहप्रदूषकांची हवी. आणि कृपा करून सगळ्यांची एकच कार्बन डायऑक्साइड-सममूल्य बेरीज मांडू नका. पॅरिस अहवालात मिथेनसाठी आयपीसीसीच्या पाचव्या अहवालातला १०० वर्षांचा गुणक, म्हणजे २८, वापरायचा असतो (एक टन मिथेन तापवण्यात २८ टन कार्बन डायऑक्साइडइतका). २० वर्षांच्या हिशेबात तोच ८० च्या वर जातो. काळ्या कार्बनला तर त्या चौकटीत मान्य गुणकच नाही. टनात लिहा, प्रत्येक प्रदूषक वेगळा लिहा, बेरीज ज्याला हवी तो करील.

आता पैसा कुठे आहे ते. पहिले नाव क्लायमेट अँड क्लीन एअर कोअॅलिशन, म्हणजे सीसीएसी. फेब्रुवारी २०१२ मध्ये बांगलादेश, कॅनडा, घाना, मेक्सिको, स्वीडन, अमेरिका आणि यूएनईपी यांनी ती सुरू केली. सचिवालय यूएनईपीच्या छत्राखाली पॅरिसमध्ये आहे. तिची चाल समजून घ्या. आधी देशाचे सरकार मदत मागते, मग ते काम करून देणारी संस्था शोधली जाते. म्हणजे तुम्ही स्वतःची कल्पना घेऊन दार ठोठावत नाही, सरकारने मांडलेल्या गरजेला उत्तर देता. देणगीदारांच्या भाषेत तुम्ही ‘अंमलबजावणी करणारी संस्था’. सूची आणि नियोजन यांसाठी तिच्या कामात एलईएपी-आयबीसी हे संगणकावरचे साधन सर्रास वापरले जाते, ते स्टॉकहोम एन्व्हायर्न्मेंट इन्स्टिट्यूटचे. त्यात उत्सर्जनासोबत पीएम २.५ मुळे होणाऱ्या अकाली मृत्यूंचा अंदाजही निघतो. आरोग्य मंत्रालयाला बैठकीत आणायचे असेल तर तो आकडाच उपयोगी पडतो.

दुसरा मार्ग जागतिक पर्यावरण सुविधेचा, म्हणजे जीईएफचा. २०१५ च्या पॅरिस निर्णयातून जन्मलेला सीबीआयटी हा पारदर्शकतेच्या, म्हणजे उत्सर्जनाचा हिशेब उघडपणे मांडण्याच्या, क्षमतेसाठीचा कार्यक्रम तिच्याकडे आहे. तिथे पैसा थेट तुमच्याकडे येत नाही, मान्यताप्राप्त १८ संस्थांपैकी एकीमार्फत येतो. त्यांत आययूसीएन, डब्ल्यूडब्ल्यूएफ-यूएस, कॉन्झर्व्हेशन इंटरनॅशनल या ना-नफा संस्थाही आहेत. छोट्या संस्थेने अशा एखादीबरोबर काम करणारी भागीदार व्हावे. संयुक्त राष्ट्रांच्या यूएनओपीएस या संस्थेच्या व्यवस्थापनाखालचा आयसीएटी हा उपक्रमही देशांना पारदर्शकतेच्या कामात मदत करतो. खासगी देणग्यांत ग्लोबल मिथेन हब फक्त मिथेनवर आणि २०१९ पासूनचा क्लीन एअर फंड हवेवर काम करतो. त्यांची प्रक्रिया हलकी असते, पण विषयाची चौकट त्यांची असते. हरित हवामान निधीच्या (ग्रीन क्लायमेट फंडाच्या) पूर्वतयारी कार्यक्रमाबद्दल मी फार सांगत बसत नाही. तिथे देशाच्या नियुक्त कार्यालयाची संमती लागते आणि वेळ बराच जातो.

कोणता देश, कोणते प्रदूषक निवडायचे यासाठी एक आडवाट सांगतो, ती फारशी कुणी चोखाळत नाही. पॅरिस करारातल्या द्विवार्षिक पारदर्शकता अहवालांची पहिली खेप ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत द्यायची होती. या अहवालांत ‘नियोजित सुधारणा’ असा भाग असतो, शिवाय तज्ज्ञांच्या पुनरावलोकनात उणिवा आणि क्षमतेच्या गरजा नोंदवल्या जातात. सरकारने स्वतःच्या सहीने ‘आमच्याकडे अमुक माहिती नाही’ असे लिहून ठेवलेले असते. प्रस्तावाची पहिली दोन पाने तिथूनच उचला. ज्या देशांनी काळ्या कार्बनचे लक्ष्यच जाहीर केले आहे तिथे तर पाया आणखी पक्का: मेक्सिकोने २०१५ मध्ये २०३० पर्यंत ५१ टक्के कपात सांगितली, चिलीने २०२० मध्ये २०१६ च्या तुलनेत २५ टक्के. लक्ष्य सांगितले म्हणजे त्याची प्रगतीही दाखवावी लागणार.

प्रस्तावात एक गोष्ट मी हमखास शोधतो आणि ती बहुतेकदा नसते: पुनर्गणना. पद्धत सुधारली की आकडे बदलतात, आणि आजवर सुटलेले स्रोत हिशेबात आले की ते वाढतात. आयपीसीसीचा नियम असा की नवी पद्धत घेतली तर मागची सगळी वर्षे तिने पुन्हा काढायची. मग मंत्र्यांच्या टेबलावर असा कागद जातो की देशाचा मिथेन कालपर्यंत सांगत होतो त्यापेक्षा जास्त आहे, आणि लक्ष्याचे आधारवर्षही सरकले आहे. याची तयारी आधी केली नसेल तर चांगली सूची फडताळात जाते, जुनीच छापली जाते. म्हणून प्रकल्पाच्या पहिल्या तिमाहीतच वरिष्ठांना हे सांगणारी बैठक ठेवा आणि जुनी-नवी मालिका शेजारी शेजारी मांडून फरकाचे कारण दोन पानांत लिहायचे काम खर्चपत्रकात घाला.

शिवाय आयपीसीसी अल्पजीवी घटकांच्या सूचीसाठी स्वतंत्र पद्धती-अहवाल तयार करत आहे. २०२४ च्या सोफिया बैठकीत त्याचा आराखडा मान्य झाला आणि तो २०२७ साठी ठरला आहे. काळा कार्बन, सेंद्रिय कार्बन, नायट्रोजन ऑक्साइड, अमोनिया वगैरेंना त्यामुळे जागतिक पातळीवर एकसारखी पद्धत मिळेल. आता सुरू होणारा प्रकल्प त्याच्या मध्यावर सापडणार. तुमच्या तक्त्यांत गुणांक एका वेगळ्या पानावर असतील, प्रत्येकाचा स्रोत शेजारी लिहिलेला असेल, तर बदल सोपा जाईल. गुणांक सूत्रांत कोंबलेले असतील तर सगळे उकरावे लागेल. प्रस्तावात याचा उल्लेख केलात तर वाचणाऱ्याला कळते की तुम्ही या कामात नवखे नाही.

फलित म्हणून ‘४० अधिकाऱ्यांना प्रशिक्षण’ लिहू नका. प्रशिक्षित अधिकाऱ्याची बदली झाली की ये रे माझ्या मागल्या. ‘दुसऱ्या फेरीची सूची विभागाच्या कर्मचाऱ्यांनी तयार केली, आमच्या माणसाने फक्त तपासली’ हे फलित मागा आणि कालावधी त्यानुसार ठेवा. त्यासाठी लागतात ते खर्च बिनदिक्कत मांडा: विभागात बसणारा एक माणूस, कामकाजाच्या भाषेतली कार्यपुस्तिका, फाइली ठेवायची सरकारी जागा, खात्याखात्यांत माहिती देण्याघेण्याचा सही केलेला करार. हा करार सगळ्यात उशिरा होतो. वित्त, कृषी, ऊर्जा आणि सांख्यिकी या चौघांच्या कायदा विभागांतून कागद फिरतो. त्याला वर्ष लागेल असेच धरून चाला.

पैशाच्या बाबतीत दोनच गोष्टी. संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीतला निधी हप्त्यांनी येतो, पुढचा हप्ता मागचा अहवाल आणि खर्चाचा हिशेब मान्य झाल्यावर. तोवर पगार तुमच्या गंगाजळीतून जातात. ती नसेल तर मोठा प्रकल्प मागू नका. आणि ओव्हरहेडवर, म्हणजे संस्था चालवण्याच्या अप्रत्यक्ष खर्चावर, मर्यादा असते, ती प्रस्ताव मागवणाऱ्या आवाहनाच्या मजकुरात बघा; लेखापाल, ऑडिट, भाषांतर हे थेट खर्चात नीट दाखवा. सगळे ओव्हरहेडमध्ये ढकलून नंतर ओढाताण करणाऱ्या संस्था दुसऱ्या वर्षी अनुभवी माणसे गमावतात.

तुमच्या संस्थेबद्दल माझे मत: सेन्सरचा अनुभव वाया जात नाही, पण मुख्य अर्जदार म्हणून सूचीचे काम अंगावर घेण्याइतका तो पुरेसा नाही. सूची बांधलेल्या एखाद्या विद्यापीठाला किंवा संस्थेला सोबत घ्या आणि एकच स्रोत तुमच्याकडे ठेवा, उदाहरणार्थ घरगुती जळण. तिथे घराघरांतून जळणाचे वजन आणि चुलीचा प्रकार गोळा करायचा असतो, आणि हवेतल्या मोजमापांवरून निकाल ताडताही येतो. तुमचे लोक ते करू शकतात. संबंधित मंत्रालयाचे पत्र मात्र अर्जाआधी हातात हवे, आणि ते ‘आम्ही या उपक्रमाचे स्वागत करतो’ छापाचे नको. कोणता विभाग, कोणत्या पदावरचा अधिकारी, कोणती माहिती देणार, एवढे त्यात असावे. तसे पत्र मिळत नसेल तर ही फेरी सोडा आणि त्या विभागाला त्यांच्याच पुढच्या अहवालासाठी एका लहान क्षेत्राचा हिशेब बिनपैशाने करून द्या. पुढच्या फेरीत पत्राचा मसुदा ते स्वतःच लिहून देतील.